आधी त्वचा ओळखा, मग ट्यूब घ्या
बालाघाटात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, पावसाळ्यात वैनगंगेकाठी अंग चिकचिकतं आणि पौषात ओठ फुटतात. एकाच कातडीला तीन तऱ्हा सोसाव्या लागतात. क्रीम मात्र आपण जाहिरात बघून निवडतो. खरं तर परीक्षा फुकट आहे. सौम्य साबणाने चेहरा धुवा आणि काही न लावता तासभर थांबा. सगळा चेहरा तकाकला तर त्वचा तेलकट, ओढल्यासारखी वाटली तर कोरडी, नुसतं कपाळ-नाक-हनुवटी चमकली तर मिश्र; साध्या साबणानेही आग आणि लाली आली तर नाजूक. कोरड्या हातापायांना आंघोळीनंतर, अंग ओलसर असतानाच, खोबरेल किंवा इकडचं मोहाच्या बियांचं तेल चोळावं. तेलकट चेहऱ्याला तेच तेल म्हणजे मुरुमांना आवतण. गजकर्णावर किंवा गोरं दिसायला स्टेरॉईडचं मलम तर मुळीच नको. चार दिवस बरं वाटतं, मग कातडी पातळ पडते आणि गजकर्ण पसरतं. सरकारने २०१८ साली अशी अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. दुकानदार देत असला, तरी तुम्ही मागू नका.