रस्ताच तसला हाय!

"रस्ताच तसला हाय, त्याला गाडी काय करणार?" आमच्या बेळगाव भागात गाडी चालवणारा माणूस हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी बोलतो. त्यात खोटं काही नाही. पावसाळा संपता संपता जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ल्याच्या घाटाने गोव्याला उतरलेल्या कुणालाही विचारा. पण माझं म्हणणं असं, की या एका खऱ्या वाक्याच्या आड गाडीचे निम्मे रोग लपून बसतात आणि आपण त्यांना खुशाल लपू देतो.

मीही त्यातलाच. दिवाळीनंतर चुलत बहिणीच्या साखरपुड्याला डिचोलीला निघालो होतो. पप्पा चालवत होते, आज्जी पुढे, आई आणि मी मागे. जांबोटी सोडली आणि खालून ढब... ढब... ढब. पप्पा नेहमीचं वाक्य बोलले. मी मागून हात घालून गाणी मोठी केली. (हो, मीच केली!) आज्जीनेच ती बंद करायला लावली आणि म्हणाली, "खड्डे काय मोजून पाडल्यात काय रे? आवाज बघ कसा तालात येतोय."

आज्जीने आयुष्यात स्टिअरिंगला हात लावलेला नाही. पण निदान तिनंच केलं. खड्ड्याचा आवाज खड्ड्यापुरता. तालात येणारा आवाज फिरणाऱ्या वस्तूचा. आमच्या गाडीच्या चाकाचा घेर जवळजवळ दोन मीटर आहे. म्हणजे ताशी 20 किलोमीटरला चाक सेकंदाला सुमारे तीन वेळा फिरतं, 40 ला सहा वेळा. वेग वाढवला की ढबढब दाट होत होती, कमी केला की विरळ. आणखी एक खूण पप्पांना हातात जाणवत होती, स्टिअरिंग थोडं डुलत होतं. पुढच्या चाकाचा दोष बहुधा स्टिअरिंगमध्ये जाणवतो, मागच्याचा सीटखाली.

कणकुंबीला सपाट जागा बघून थांबलो. जागेवरच रेस दिली, आवाज नाही. म्हणजे इंजिन सुटलं. चाकाचे नट पान्याने तपासले, घट्ट होते. (नुकतंच चाक काढून बसवलं असेल आणि आवाज सुरू झाला, तर पहिल्यांदा हेच बघा आणि तिथंच थांबून बघा.) मग हँडब्रेक ओढला, मागच्या चाकाला दगड लावला, पुढचं डावं चाक जॅकवर उचललं आणि हळूहळू फिरवलं. टायरची नक्षी छान शाबूत, पण आतल्या बाजूला एका जागी लिंबाएवढा फुगवटा! टायरच्या आतले तारांचे पट्टे सुटले की असं होतं. वरून काहीच कळत नाही. बाजूवर चार आकडे होते, 2216. म्हणजे 2016 च्या 22 व्या आठवड्यात बनलेला टायर. गाडी फार फिरत नाही म्हणून नक्षी झिजली नाही आणि आम्ही टायर नवाच समजत राहिलो. तो तसाच घेऊन आम्ही घाट उतरणार होतो.

याची आणखी एक बाजू सांगायला हवी. आठच दिवसांपूर्वी गाडी गॅरेजला नेली होती. तिथं दोन्ही शॉकअप बदला म्हणून सांगितलं. मला मेस्त्रीचा राग आला होता. आता तेवढा येत नाही. आम्ही त्याला काय सांगितलं? "खालून आवाज येतोय." बास. डॉक्टरकडे जाऊन "अंगात दुखतंय" म्हणण्यासारखं झालं की हे! तरी चाक उचलून बघायला हवं होतं त्याने, हे खरंच.

आपल्या मराठीत आवाजांना शब्द कमी आहेत काय? खड्ड्यातच येणारी 'खटखट' असेल तर लिंक रॉड किंवा बुश बघावा. स्टिअरिंग पुरतं वळवल्यावर 'टकटक' आली तर एक्सलचा जॉइंट. वेगाबरोबर चढत जाणारी 'घूंऽऽ' बेअरिंगची. ब्रेक दाबल्यावरच 'करकर' झाली तर पॅड. सगळं शंभर टक्के असंच असतं असं नाही, पण कुठला आवाज, कधी येतो, कशाने थांबतो, एवढं सांगितलं तरी मेस्त्रीचं अर्धं काम होतं आणि आपले पैसे वाचतात. गाडी महिनाभर उभी असेल तर टायर एका जागी दबून ढबढबतो, थोडं चालवल्यावर तो आवाज जातो. तेव्हा प्रत्येक आवाजाला घाबरा, असं मी म्हणत नाही. गाणी बंद करून, काच खाली करून दोन मिनिटं ऐका, एवढंच. ड्रायव्हिंग क्लासमध्ये मला क्लच शिकवला, रिव्हर्स शिकवला. कान लावायला कुणी शिकवलं नाही.

स्टेपनी काढली तर तिच्यात हवा निम्मीच. ती तशीच लावून, अगदी सावकाश, मागच्यांचे हॉर्न खात, हवा मिळेपर्यंत गेलो. साखरपुड्याला पोचलो तेव्हा अंगठ्या घालून झाल्या होत्या. आज्जी अजून ऐकवते, आणि पप्पा गप्प ऐकून घेतात.