उन्हाचा हिशेब

मैत्रिणींनो, सांगलीच्या एका भगिनीचे पत्र माझ्यासमोर आहे. यजमान निवृत्त झाले, हाती आलेल्या पैशांतून त्यांनी गच्चीवर तीन किलोवॅटची सौर यंत्रणा बसवली. "बिल शून्य येईल" असे बसवणाऱ्याने सांगितले होते. आता बिल येते ते शून्य नसतेच, शिवाय मोबाईलवर महिन्याचे ३३० युनिट दिसतात आणि बिलात मात्र "निर्यात २००" एवढेच. "ताई, मधले १३० युनिट कोण खाते हो? ह्यावरून घरात रोज बोलाचाली होतात," असे त्या विचारतात.

भगिनी, ते १३० युनिट तुमच्याच घराने खाल्ले! पत्र्यांवर तयार झालेली वीज इन्व्हर्टरमधून आधी घरात फिरते. दिवसा चालणारा फ्रीज, पंखे, मिक्सर, पाण्याची मोटर, सगळे त्यातच भागते. ह्या विजेला मीटर पाहतसुद्धा नाही. घरचे भागून उरते तेवढीच मीटरमधून बाहेर तारेवर जाते आणि "निर्यात" म्हणून नोंदली जाते. रात्री ऊन नसते तेव्हा तारेवरून घेतो ती "आयात".

पुढे सगळी उसनवारीच आहे. दुपारी शेजारणीला चार वाट्या साखर दिली, रात्री पाहुणे आले म्हणून पाच आणल्या, तर देणे राहिले एका वाटीचे. नेट मीटरिंग म्हणतात ते हेच. तुमच्या बिलात आयात २३० आणि निर्यात २०० आहे, म्हणजे पैसे मोजायचे ते ३० युनिटचे. घरात प्रत्यक्ष वापर झाला तो १३० अधिक २३०, म्हणजे ३६० युनिटचा. यंत्रणा नसती तर महावितरणच्या तीनशेच्या वरच्या टप्प्यात गेला असतात. आता शंभराच्या आतल्या, सर्वांत स्वस्त टप्प्यात आहात. खरी बचत तिथे आहे, ती यजमानांना कागदावर मांडून दाखवा.

आणि बिल शून्य का नाही? तर स्थिर आकार कुणालाच चुकत नाही. एकही युनिट देणे नसले तरी तो भरावाच लागतो. बसवणाऱ्याने हे आधी सांगायला हवे होते, पण विकणारा माणूस एवढे कशाला सांगतोय!

एका महिन्यात निर्यात जास्त झाली तर उरलेले युनिट पुढच्या बिलात जमा धरतात. पण हे खाते ३१ मार्चला बंद होते. तोवर शिल्लक राहिलेल्या युनिटचे पैसे वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने मिळतात, आणि तो दर आपण वरच्या टप्प्यात मोजतो त्याच्या मानाने पुष्कळ कमी असतो. हिवाळ्यात ऊन छान, पंखे बंद, म्हणून शिल्लक साठते, आणि नेमकी कूलर लावायच्या तोंडावर पुसली जाते! म्हणून "जागा आहे तर पाच किलोवॅट बसवा" असे कुणी म्हटले तर भुलू नका. मागच्या बारा महिन्यांची बिले काढून बेरीज करा. एक किलोवॅट महिन्याला सरासरी ११० ते १२० युनिट देतो, पावसाळ्यात बराच कमी. वर्षाच्या वापराला पुरेल तेवढेच घ्या. २०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेतले अनुदानही तीन किलोवॅटला ७८,००० रुपये होते आणि त्याच्या पुढे ते वाढत नव्हते.

आमच्या घरची एक फजिती सांगते. यंत्रणा बसली, पण नेट मीटर यायचे होते. बसवणारा म्हणाला, "चालू करून टाकू, ऊन कशाला वाया घालवायचे?" आम्हीही हो म्हटले. सतरा दिवस जुन्याच मीटरवर यंत्रणा चालली आणि बिल आले ते नेहमीपेक्षा जास्त! काही जुन्या मीटरांना वीज आत येते की बाहेर जाते हे कळतच नाही. बाहेर गेलेलीही ती वापरात धरतात. आपण दिलेल्या साखरेचे पैसे आपणच भरले. तेव्हा नवे मीटर लागून त्यावर आयात-निर्यातीचे वेगळे आकडे स्वतः पाहिल्याशिवाय बटण दाबू देऊ नका. ते दोन आकडे दर महिन्याच्या एक तारखेला दुधाच्या वहीतच लिहून ठेवा.

अर्ज करण्यापूर्वी बिल कुणाच्या नावावर आहे ते बघा. पुष्कळ घरांत ते अजून कैलासवासी सासऱ्यांच्या नावावर असते. आधी नाव बदलून घ्या, नाहीतर अनुदान तिथेच अडकते.

दुपारीच इस्त्री, दुपारीच वॉशिंग मशीन असा आटापिटा काही जणी करतात. दिवसाचा आणि रात्रीचा दर एकच असेल तर त्याची गरज नाही. दुपारी दिलेला युनिट रात्री जसाच्या तसा परत मिळतो. धुणे तुमच्या सोयीने लावा.

वीज गेली की भर उन्हातही सौर यंत्रणा बंद पडते, हे पाहून घाबरू नका. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. दिवे चालू राहायला हवे असतील तर बॅटरीची सोय वेगळी करावी लागते, आणि ती महाग पडते.

पत्रे पहाटे किंवा संध्याकाळी साध्या पाण्याने धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. आणि एका किलोवॅटला सुमारे शंभर चौरस फूट जागा जाते, तेव्हा सांगाडा उंच करून घ्यायचा की नाही हे आधीच ठरवा. खर्च थोडा वाढतो, पण उन्हाळ्यात कुरडया-पापड वाळवायला गच्ची लागतेच ना! आमच्याकडे तो बुटका झाला, आणि आता दर चैत्रात मी परात घेऊन शेजारणीच्या गच्चीवर जाते.