तराजू, पंखा आणि चौदा वर्षांचा हक्क

किराणा मालाच्या पेढीवर ज्याचे बालपण गेले, त्यास तोलाची किंमत सांगावी लागत नाही. पोत्यातून साखर काढावयाची, पारड्यात घालावयाची, चिमूटभर कमी, चिमूटभर अधिक करीत काटा मध्यावर आणावयाचा, मग पुडी बांधून दोरा गुंडाळावयाचा. या कामात दिवसाचे किती तास जातात ते कोणत्याच खतावणीत लिहिलेले नसते. एकोणिसावे शतक संपत आले असता लंडनच्या दुकानदारांनाही हीच अडचण भेडसावीत होती. तेथील संशोधकांच्या एका नियतकालिकाने स्पर्धा पुकारली: साखर, पीठ यांसारखा सुटा माल राशीतून आपोआप तोलून देणारे यंत्र कोणी सुचवील काय? या स्पर्धेत मुंबईच्या शंकर आबाजी भिसे या तरुणाचा आराखडा सर्वश्रेष्ठ ठरला.

भिसे यांचा जन्म १८६७ सालचा. यंत्रांचा नाद लहानपणापासूनचा. मुंबईत त्यांनी विज्ञानप्रेमी मंडळींचा एक क्लब काढला आणि ‘विविध कला प्रकाश’ नावाचे मराठी मासिक चालविले. त्या काळी शास्त्रीय विषय मराठीत मांडणे हे घरचे खाऊन करावयाचे काम होते. बक्षिसामुळे नाव झाले हे खरे. परंतु बक्षीस एकदाच मिळते, आणि ज्या कल्पनेला ते मिळाले ती दुसऱ्या दिवशी कोणीही उचलू शकतो. कल्पनेवर धन्याचा हक्क राहावा यासाठी सरकारी सनद लागते. ती सनद म्हणजे पेटंट.

हिंदुस्थानात या सनदेचा कायदा प्रथम १८५६ साली झाला. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात कलकत्त्याचे स्थापत्य अभियंते जॉर्ज आल्फ्रेड डेपेनिंग यांनी पहिला अर्ज केला, तो पंखा ओढण्याच्या सुधारलेल्या यंत्रासाठी. साहेबाच्या दिवाणखान्यात छताला टांगलेला कापडी पंखा बाहेर बसलेला नोकर दिवसभर, आणि उन्हाळ्यात रात्रभरही, दोरीने ओढीत असे. देशातील पहिला संरक्षित शोध या दोरीशी निगडित असावा यात त्या राजवटीचे अर्धे चित्र आले. कायदा मात्र अल्पायुषी ठरला. राणीची आगाऊ संमती न घेता तो केल्याचे लक्षात आले, १८५७ साली तो मागे घ्यावा लागला आणि १८५९ साली नव्याने करावा लागला. डेपेनिंग यांच्या नावाची पेटंट-सल्लागार पेढी आजही चालू आहे. इतक्या पिढ्या टिकलेली पेढी पाहिली की व्यापाऱ्यास यंत्रापेक्षा पेढीचेच अधिक कौतुक वाटावे.

१८५९च्या आणि नंतर १८८८च्या कायद्यात या हक्काला ‘विशेषाधिकार’ असेच म्हटले आहे. मुदत चौदा वर्षांची. संस्थानांत तो लागू नसे. विलायतेतील पेटंट हिंदुस्थानात चालत नसे, आणि हिंदुस्थानातील हक्क विलायतेत कवडीमोल. ज्यास लंडन, कलकत्ता आणि वॉशिंग्टन या तिन्ही ठिकाणी माल विकावयाचा, त्याने तिन्ही ठिकाणी अर्ज, तिन्ही ठिकाणी नकाशे आणि तिन्ही ठिकाणी फी भरावी.

फीची कहाणी तर ऐकण्यासारखी आहे. चार्ल्स डिकन्स यांनी १८५० साली एका गरीब कारागिराची गोष्ट लिहिली. आपल्या शोधाची नोंद करण्यासाठी तो पस्तीस पायऱ्या चढतो, राणीच्या सहीपासून मोहोरेसाठी मेण तापविणाऱ्या कारकुनापर्यंत सगळ्यांचे हात ओले करतो, आणि अखेर ९६ पौंड, ७ शिलिंग, ८ पेन्स खर्च पडल्याचा हिशेब मांडतो. गोष्ट काल्पनिक, पण आकडे त्या काळच्या अनुभवाला धरूनच होते. १८५२च्या कायद्याने प्रारंभीची फी २५ पौंडांवर आली आणि १८८३च्या कायद्याने ती अवघ्या ४ पौंडांवर आणली. याचा परिणाम असा झाला की, १८८३ साली सुमारे ६,००० अर्ज आले होते ते १८८४ साली १७,०००च्या वर गेले. एका वर्षात इंग्लंडातील माणसे तिप्पट बुद्धिमान झाली नव्हती. दार रुंद झाले होते, इतकेच.

त्या काळच्या भावाने ४ पौंड म्हणजे सुमारे ६० रुपये. मुंबईतील मध्यमवर्गीय माणसाला ते कसेबसे परवडण्यासारखे. पण हा केवळ प्रवेश होता. हक्क जिवंत ठेवण्यासाठी काही वर्षांनंतर वाढत जाणारी वार्षिक फी भरावी लागे. अमेरिकेत मात्र ३५ डॉलर एकदा भरले की सतरा वर्षे पुन्हा विचारणा नसे.

आपल्याकडील जुन्या कसबी घराण्यांची रीत या सगळ्याच्या उलट होती. रंगाऱ्याची मात्रा, अत्तराचा काढा, सोन्याला झळाळी आणण्याची खुबी बापाने मुलास सांगावी आणि मुलाने नातवास. मूल नसले तर विद्या चितेवर जाई. पेटंटाचा सौदा निराळा आहे. शोध कसा चालतो ते कुशल कारागीर स्वतः करून पाहू शकेल इतक्या स्पष्टपणे लिहून द्यावे लागते, आणि त्याच्या मोबदल्यात ठरावीक वर्षे एकाधिकार मिळतो. मुदत संपली की ज्ञान सर्वांचे. या सौद्यात कोणाचा फायदा अधिक, हे भांडवल कोणाच्या हाती आहे त्यावर ठरते. भिसे यांना ते पुढील वीस वर्षांत पुरते कळून आले.

दिनशा वाच्छा यांचे शिफारसपत्र घेऊन ते लंडनला दादाभाई नौरोजींकडे गेले. दादाभाई तेव्हा सत्तरी ओलांडलेले, स्वतः एके काळी विलायतेत पेढी चालविलेले. हिंदी माणसाच्या कल्पकतेवर पैसा लावणे हे त्यांना राष्ट्रकार्यच वाटले असावे. त्यांच्या आधाराने भिसे यांनी विजेवर चालणाऱ्या जाहिरातफलकापासून स्वयंपाकघरातील उपकरणांपर्यंत अनेक वस्तू घडविल्या. त्यांचा सर्वांत मोठा डाव होता तो छापखान्याच्या खिळ्यांचा. खिळे ओतण्याची तेव्हाची यंत्रे संथ होती. भिसे यांच्या ‘भिसोटाइप’ यंत्रात अनेक खिळे एकाच वेळी ओतण्याची योजना होती. जुळाऱ्याच्या पेटीत मराठीची जोडाक्षरे ज्याने पाहिली असतील, त्याला खिळ्यांच्या भुकेची कल्पना सहज येईल.

यंत्र तयार होऊनही बाजार खुला नव्हता. छपाईच्या यंत्रांचा धंदा काही मोठ्या कंपन्यांच्या मुठीत होता आणि कारखाना उभारावयास हजारो पौंड हवे होते. समाजवादी पुढारी हेन्री हिंडमन यांनी भांडवल जमविण्याची खटपट केली, ती फसली. पैसा नसला तरी मुदतीचे घड्याळ थांबत नाही. गिऱ्हाइकाच्या वाटेकडे डोळे लावून गेलेले प्रत्येक वर्ष त्या चौदांतून वजा होत जाते, आणि फी मात्र वाढत जाते. व्याजाने घेतलेल्या मालासारखीच ही गोष्ट: गोदामात पडून राहिला की स्वतःलाच खातो.

१९०८ साली भिसे निराश होऊन परतीच्या बोटीत बसले. त्याच बोटीवर गोपाळ कृष्ण गोखले होते. गोखल्यांनी या माणसाची पारख केली आणि जमशेटजींचे धाकटे पुत्र रतन टाटा यांच्याकडे शब्द टाकला. टाटांनी भांडवल दिले, भिसे पुन्हा लंडनला गेले; पण हाही व्यवहार अपेक्षेप्रमाणे फळला नाही. पहिले महायुद्ध चालू असतानाच त्यांनी अमेरिकेची वाट धरली.

याच सुमारास कलकत्त्याचे जगदीशचंद्र बसू यांनी नेमकी उलट भूमिका घेतली होती. १९०१ साली लंडनमध्ये एका तारकंपनीच्या मालकाने पेटंट घेण्याची गळ घातली, ती त्यांनी मानली नाही. पुढे मित्रमंडळींच्या आग्रहाने अमेरिकेत अर्ज झाला, १९०४ साली पेटंट मिळालेही; पण त्यातून पैसा काढण्याची इच्छा त्यांना नव्हती. बसूंच्या पाठीशी महाविद्यालयाची नोकरी होती. भिसे यांच्या पाठीशी त्यांच्या नकाशांखेरीज काही नव्हते, आणि त्यांनी हक्कासाठी धडपड केली म्हणून त्यांना लोभी म्हणणे अन्यायाचे होईल.

न्यूयॉर्कमध्ये भिसे यांना नाव मिळवून दिले ते ‘अॅटोमिडीन’ या आयोडीनयुक्त औषधाने. १९३५च्या एप्रिलमध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. साखर तोलून देणाऱ्या ज्या यंत्राने त्यांच्यासाठी लंडनचे दार उघडले, त्यातून त्यांच्या पदरात काही मोठी रक्कम पडली नाही.