लाइकचा आकडा आणि आपल्या मुली



वस्तीतल्या आमच्या किशोरी गटात न चुकता येणारी नववीतली एक मुलगी दिवाळीनंतर यायची थांबली. घरी गेले तेव्हा कळलं, तिनं नव्या ड्रेसमधला फोटो इन्स्टाग्रामवर टाकला आणि वर्गातल्या मुलामुलींनी तिच्या रंगावरून शेरे मारले. त्यात तिच्याच बाकावर बसणारी मैत्रीणही होती. "ताई, आता फोनच नको तिला," असं म्हणून आईनं फोन काढून घेतला होता. मीही मान डोलावली. ती माझी चूक झाली.

'चार लोक काय म्हणतील' हे ऐकतच आपण वाढलो. पण ते चार लोक रात्री आपापल्या घरी जायचे. आता ते मुलीच्या उशाशी असतात आणि त्यांच्या पसंतीचा आकडा सगळ्यांना दिसतो. तासाभरात पुरेसे लाइक आले नाहीत तर फोटो काढून टाकतो, असं गटातल्या मुली सहज सांगतात.

कंपन्यांना हे ठाऊक आहे. २०२१ साली फ्रान्सेस हॉगेन या माजी कर्मचारी स्त्रीनं फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं उघड केली. स्वतःच्या शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढतं, असं ३२ टक्के किशोरींनी कंपनीच्याच पाहणीत सांगितलं होतं. इतर अनेक बाबतींत मुलींना आधारही मिळतो, असं कंपनीचं उत्तर होतं. ते खोटं नाही. पण त्याच वर्षी लाइकचा आकडा लपवण्याची सोय आली, तेव्हा ती वापरायची की नाही हे एकेकट्या मुलीवर सोडलं गेलं.

छेडछाड झाली की मुलीलाच घरात बसवायचं, याविरुद्ध आपण वर्षानुवर्षं बोलत आलो. फोन काढून घेणं त्याहून वेगळं कुठे आहे? शेरे मारणाऱ्यांचे फोन त्यांच्याच हातात राहिले. ही मुलगी मात्र एवढंच शिकली, की सांगितलं तर शिक्षा आपल्यालाच होते.

गेल्या महिन्यात गटात मी विचारलं, "दुसरीच्या फोटोखाली आपण काय लिहितो?" बराच वेळ कुणी बोलेना. मग ती बाकावरची मैत्रीण रडायला लागली. तिच्या फोटोंवरही असंच लिहिलं गेलं होतं.

ती मुलगी अजून गटात आलेली नाही. मी पुन्हा तिच्या घरी जाणार आहे, या वेळी फोन परत द्या म्हणायला. तुमच्या गटांतल्या मुली काय सांगतात, जरूर कळवा.