‘सुरक्षित’ व्होल्टेजचा आकडा ठरवायचा कोणी?

ओव्हरक्लॉकिंग करताना प्रोसेसरला किती व्होल्टेज द्यायचे, हे हौशी मंडळींनी स्वतःच्या जबाबदारीवर ठरवायचे, हा संगणकविश्वातील जुना दंडक. प्रोसेसर जळाला तर दोष हौसेचा. २०२३ आणि २०२४ मधील दोन प्रकरणांनी मात्र या दंडकालाच धक्का दिला. ज्यांनी व्होल्टेजचा आकडा स्वतः कधी बदललाच नव्हता, अशा ग्राहकांनाही त्यांची झळ बसली.

पहिले प्रकरण एएमडीचे. एप्रिल २०२३ मध्ये रायझन ७००० मालिकेतील काही प्रोसेसर मदरबोर्डच्या सॉकेटसह जळाल्याच्या तक्रारी आल्या. मेमरीचा वेग वाढवणारी तयार सेटिंग निवडताच काही मदरबोर्ड ‘एसओसी’ भागाचे व्होल्टेज परस्पर वाढवत होते. अखेर एएमडीने त्यावर १.३ व्होल्टची मर्यादा घातली.

दुसरे प्रकरण अधिक व्यापक. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होऊ लागले. प्रोसेसरमधील मायक्रोकोडच चुकीच्या, वाढीव व्होल्टेजची मागणी करत असल्याचे इंटेलने जुलै २०२४ मध्ये मान्य केले. ऑगस्टमधील दुरुस्तीने या मागणीवर १.५५ व्होल्टची मर्यादा आली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढली. परंतु ज्या प्रोसेसरची हानी आधीच झाली होती, ते या दुरुस्तीने पूर्ववत होणार नव्हते. ते बदलून घेणे एवढाच मार्ग उरला.

व्होल्टेज एवढे घातक का, याचे उत्तर साध्या गणितात आहे. प्रोसेसर काम करताना लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.२० चे १.३२ व्होल्ट केले, तर वाढ १० टक्के. विजेचा खप मात्र सुमारे २१ टक्क्यांनी वाढतो. त्यातच वेगही १० टक्क्यांनी वाढवला, तर ही वाढ ३३ टक्क्यांवर जाते. ती सारी उष्णता नखाएवढ्या सिलिकॉनमधून बाहेर काढावी लागते. वाढीव व्होल्टेज आणि उष्णता मिळून ट्रान्झिस्टरमधील अतिसूक्ष्म विद्युतरोधक थर व धातूच्या वाहिन्या यांची झीज घडवतात. ही झीज डोळ्यांना दिसत नाही. काही महिन्यांनी त्याच वेगासाठी अधिक व्होल्टेज लागू लागते. ग्राहक ते वाढवतो आणि झीज आणखी वेगाने होते.

म्हणूनच ‘सुरक्षित व्होल्टेज किती?’ या प्रश्नाला एका आकड्याचे उत्तर नाही. एका पिढीचा आकडा दुसरीला लागू पडत नाही. एकाच मॉडेलचे दोन नगही सारखे नसतात. १.५५ व्होल्ट ही क्षणिक मागणीची कमाल मर्यादा आहे, सतत वापरण्याची शिफारस नव्हे. शहाणपणाची रीत उलट दिशेने जाते. आधी हवा तो वेग ठरवावा आणि पूर्ण भार देऊन तो स्थिर राहील असे किमान व्होल्टेज शोधावे. बायोसमध्ये भरलेला आकडा आणि प्रत्यक्ष मिळणारे व्होल्टेज यांत फरक पडतो, त्यामुळे भारावर मोजमाप घेणे आवश्यक. चाचणी हिवाळ्यात घेतली असेल, तर मुंबई-नागपूरच्या उन्हाळ्यासाठी हातचे राखून ठेवावे. मदरबोर्डच्या ‘ऑटो’ सेटिंगवर डोळे झाकून विसंबू नये.

मात्र सारा भार ग्राहकावर टाकणे न्याय्य नाही. स्पर्धेपायी कंपन्या प्रोसेसर कारखान्यातूनच क्षमतेच्या कडेवर आणून विकतात. म्हणजे ओव्हरक्लॉकिंग आता हौशी ग्राहकापुरते उरलेले नाही. स्वतः वेग वाढवणाऱ्याला वॉरंटी गमावण्याची भीती दाखवली जाते. मग मदरबोर्डने परस्पर वाढवलेल्या व्होल्टेजची जबाबदारीही तितक्याच स्पष्ट शब्दांत लिहिली गेली पाहिजे. तोपर्यंत बायोस अद्ययावत ठेवणे आणि खरेदीची पावती जपणे, एवढेच ग्राहकाच्या हाती आहे.