डिझेलखालचे पाणी कसे ओळखावे?

डिझेलच्या पिंपात पाणी शिरले तर ते तळाशी बसते, कारण डिझेल पाण्यापेक्षा हलके. वरून पाहून काही कळत नाही. कळते ते ऐन पाणीपाळीला इंजिन अडखळल्यावर, नोझल बिघडल्यावर!

कारखान्यांतील बंद टाक्यांत ही सीमा विजेने पाहता येते. क्षार विरघळलेल्या पाण्यातून वीज वाहते, तेलातून जवळजवळ नाहीच. टाकीच्या आत कडेने धातूच्या पट्ट्या बसवतात. दोन पट्ट्यांतून अगदी थोडी वीज सोडून बाकीच्यांवरचा विद्युतदाब मोजतात. पाण्यातल्या पट्ट्या बोलतात, तेलातल्या गप्प राहतात; त्यावरून संगणक आतले चित्र काढतो. विहिरीची जागा पाहताना जमिनीत चार सळया ठोकून करतात, ती तपासणी याच जातीची.

आपण मात्र पिंपात वीज कदापि नेऊ नये. आगीशी खेळ होईल. पिंप किंचित तिरके करून रात्रभर हलवू नये. सकाळी तळाचे थोडे डिझेल नळीने काचेच्या बाटलीत घेऊन स्थिर ठेवावे. दोन थर दिसले की खालचे पाणी समजावे. इंजिनात घालायचे डिझेल नेहमी तळापासून चार बोटे वरूनच काढावे. बूच घट्ट लावावे आणि पिंप पावसात उघड्यावर ठेवू नये.