सल्ला देणारा माणूस परत द्या

मा. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्री आणि मा. केंद्रीय अर्थमंत्री यांस,

देशभरातल्या कृषी विज्ञान केंद्रांत २०१८ पासून उभी राहिलेली १९९ जिल्हा कृषी-हवामान केंद्रे २०२४ मध्ये निधी थांबवून बंद करण्यात आली. तो निर्णय मागे घ्या, ही मागणी यवतमाळ जिल्ह्यातून करत आहे. इथली बहुतेक शेती कोरडवाहू आहे.

या केंद्रांत माणसे दोनच असत, एक कृषी-हवामान तज्ज्ञ आणि एक निरीक्षक. दर मंगळवारी आणि शुक्रवारी पुढच्या पाच दिवसांचा अंदाज पाहून ते स्थानिक भाषेत पीकसल्ला देत. अंदाज यंत्रही देते, मग माणूस कशाला, असे कोणी म्हणेल. पण ‘तुरळक ठिकाणी मध्यम पाऊस’ एवढ्यावर शेतकऱ्याचे भागत नाही. पहिल्या सरीवर सरकी टोबायची की थांबायचे? चुकले तर दुबार पेरणी. सोंगलेले सोयाबीन वाळू द्यायचे की आजच सुडी लावून ताडपत्री टाकायची? उद्या फवारणी करायची का? २०१७ मध्ये याच जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यामागे कारणे अनेक होती, तरी वारा कधी पडेल हे आधी कळणे इथे जिवाशी गाठ असलेली गोष्ट आहे.

कृषी विद्यापीठांतली विभागीय केंद्रे चालू आहेत, हे खरे. पण त्यांच्याकडे एकेका विभागातले अनेक जिल्हे. आमचा एकच जिल्हा सोळा तालुक्यांचा. उमरखेडला पैनगंगा फुगलेली असते, तेव्हा बाभुळगाव कोरडे असू शकते.

पैसा नाही, असेही नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘मिशन मौसम’साठी २,००० कोटी मंजूर झाले. त्यातून येणारे रडार हवेतच. पण रडारला दिसलेला ढग पऱ्हाटीच्या तासापर्यंत कोण पोहोचवणार? आपत्ती आल्यावर तर तिजोरी उघडावीच लागते. २२ जुलै २०२३ ला महागाव तालुक्यातले आनंदनगर पुराने वेढले, तेव्हा हवाई दलाची मदत मागावी लागली. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्याने अतिवृष्टीसाठी ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले. ती मदत गरजेचीच आहे, पण ती पीक गेल्यावर येते. उलट, हवामान सल्ल्यामुळे कोरडवाहू भागातल्या गरीब शेतकरी कुटुंबाला वर्षाला सुमारे १२,५०० रुपयांचा फायदा होतो, असे राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेने २०२० मध्येच दाखवले आहे. हा अभ्यास पृथ्वी विज्ञान मंत्रालयानेच वेळोवेळी पुढे केला. मग कात्री नेमकी इथेच का लागली?

यवतमाळच्या कृषी विज्ञान केंद्रात तज्ज्ञ आणि निरीक्षक ही दोन पदे मंजूर करा. कंत्राटी नकोत, कायम हवीत. दरवर्षी मुदतवाढीची वाट पाहणाऱ्या माणसाला जिल्ह्याचा पाऊस ओळखायला सवडच मिळत नाही. आणि ही पदे मृगाच्या आधी भरा.

आपला,
यवतमाळ जिल्ह्यातील एक कापूस उत्पादक